परदेशात टीम सांभाळणाऱ्या बायकांनो, तुमचे अनुभव सांगा (मोठं लिहिलंय)

रानजाई:
गेले दोन आठवडे लिहू की नको चाललंय, आज लिहूनच टाकते. मी अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली, सॉफ्टवेअरमध्ये आहे, दीड वर्षापूर्वी मॅनेजर झाले, नऊ जणांची टीम आहे. चांगलं चाललंय असं मला वाटत होतं, टीममधलं कुणी सोडून गेलं नाही, दोन मोठी रिलीज वेळेवर गेली. आणि मग वार्षिक रिव्ह्यूमध्ये बॉस म्हणाला की सगळं उत्तम आहे पण तुझा 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स' कमी पडतो. म्हणजे नेमकं काय विचारलं तर म्हणे मीटिंगमध्ये तू जाणवत नाहीस. एखादं उदाहरण दे म्हटलं तर ते त्याला देता आलं नाही.

घरी आल्यावर मला मात्र एक उदाहरण आठवलं, उलट बाजूचं. त्याच महिन्यात एका मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं की डेटा हलवायच्या आधी जुन्या सिस्टिममध्ये नव्या नोंदी जाणं बंद करा, नाहीतर दोन्हीकडे वेगवेगळे आकडे दिसतील. कुणी काही बोललं नाही, विषय पुढे गेला. दहा मिनिटांनी माझ्याच लेव्हलचा दुसरा मॅनेजर तेच बोलला, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि व्हीपी (बॉसच्याही वरचे व्हाइस प्रेसिडेंट) म्हणाले 'गुड पॉइंट'. मी तिथेच बसलेले. हे मी मघाशी म्हटलं होतं, एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

का निघालं नाही याचा मी खूप विचार केला. एक कारण लाज, पण दुसरं व्हिसा. एच-१बीवर, म्हणजे कंपनीच्या नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तीही सवलत २०१७ पासूनची, तेवढ्यात नवी कंपनी मिळाली तर ठीक नाहीतर गाशा गुंडाळा. मुलीची शाळा, घराचा करार, सगळं त्या ६० दिवसांवर. लीडर म्हणजे धोका पत्करणारा, चारचौघांत वरच्या माणसाला खोडून काढणारा, असं सगळे सांगतात. पण माझ्या शेजारी बसलेल्याला खोडून काढण्याची किंमत एक वाईट मीटिंग असते, मला तीच किंमत घरदार वाटते. हे बॉसला कसं सांगणार?

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? काय केलंत? कोणत्याही क्षेत्रातलं चालेल, फक्त खरं सांगा.

कवडसा२:
रानजाई, अगदी पोचलं. व्हिसाची आणखी एक बाजू सांगते, डिपेंडंट बायकांची. मी सात वर्षं एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, घरी होते. येण्याआधी पाच जणांची टेस्टिंग टीम चालवायचे, इथे आल्यावर काम करायची परवानगीच नाही. मे २०१५ मध्ये नियम बदलला, नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा आय-१४० (कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालेला होता म्हणून मला ईएडी, म्हणजे काम करायचं परवानापत्र, मिळालं. नोकरी शोधायला लागले तर पहिला प्रश्न, ही सात वर्षांची गॅप कशाची? त्या सात वर्षांत मी शाळेच्या पालक संघटनेची खजिनदार होते, दोनशे घरांचा हिशोब, भांडणं, नव्या लोकांना जोडून घेणं, सगळं केलं. पण ते रेझ्युमेत लिहायची लाज वाटली. हे काही 'काम' नाही असं मीच ठरवून टाकलं होतं!

ज्युनिअर टेस्टर म्हणून लागले, माझा लीड माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. चार वर्षांत लीड झाले आणि नेमकं तेव्हा ईएडीचं रिन्युअल लटकलं, जुनं संपलं, नवं आलं नाही, मला काम थांबवून घरी बसावं लागलं. तीन महिन्यांनी परत गेले तर माझा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे. कुणी वाईट वागलं नाही हं, सगळ्यांनी कार्ड दिलं, फुलं दिली. पण प्रोजेक्ट काही परत मिळाला नाही.

आता पुन्हा लीड आहे. नव्या माणसाचा इंटरव्ह्यू घेताना गॅप दिसली की मी विचारते, त्या काळात कशाची जबाबदारी तुमच्यावर होती? काही बायका आधी गोंधळतात आणि मग वीस मिनिटं बोलतात.

ओसरी:
माझं ऑफिसातलं नाही, वॉर्डातलं आहे, चालेल ना? मी यूकेमध्ये नर्स आहे. येताना चौदा वर्षांचा अनुभव होता, त्यातली शेवटची सहा वर्षं आयसीयूची इन्चार्ज. इथे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवा) २००४ पासून बँडची, म्हणजे पगाराच्या श्रेणींची, पद्धत आहे, आणि बाहेरून आलेली नर्स परीक्षा पास झाली की साधारण बँड ५वर लागते. काल कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगीसुद्धा बँड ५वरच. मला त्याचा राग नव्हता, नवीन देश, नवी औषधांची नावं, नवे फॉर्म, शिकायला हवंच. पण पहिल्या महिन्यात एका बावीस वर्षांच्या मुलीने मला नाडी कशी मोजायची ते दाखवलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

एक रात्र सांगते. एका पेशंटचा न्यूज स्कोअर, म्हणजे श्वास, बीपी, ऑक्सिजन वगैरेंवरून काढतात तो, ४ होता. एकूण ५ झाला की तातडीने डॉक्टर बोलवायचा असा नियम. ४ म्हणजे नियमाने थांबता येतं. पण मला ते रूप ओळखीचं होतं, थोडी बेचैनी, गार हात, लघवी कमी. मी डॉक्टरला फोन केला आणि सगळं व्यवस्थित सांगितलं, पेशंट कोण, आधी काय झालंय, आता काय दिसतंय. डॉक्टर म्हणाला ओके, थँक्स, आणि फोन ठेवला. आला नाही. तासाभराने स्कोअर ७ झाला आणि मग सगळे धावले. पेशंट वाचला.

नंतर आमच्या सिस्टरने, म्हणजे वॉर्डातल्या वरिष्ठ नर्सने, मला बाजूला घेतलं. इथे फोनवर सांगायची एक पद्धत आहे, एसबीएआर, परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं मत आणि शेवटी शिफारस. ती म्हणाली, तू पहिली तीन छान केलीस, चौथं केलंच नाहीस. मी म्हटलं ते डॉक्टरने ठरवायचं ना? ती म्हणाली नाही, तू म्हणायचं, 'तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन बघावं असं मला वाटतं.' चौदा वर्षं मी डॉक्टरला नुसती माहिती दिली होती, निर्णय त्याचा असं मानून. मला माहीत असायचं काय करायला हवं, पण ते बोलणं म्हणजे पायरी सोडणं असं डोक्यात घट्ट बसलेलं. रानजाई, तुझ्या मीटिंगचं वाचून मला तीच रात्र आठवली. तू 'नाहीतर आकडे वेगळे दिसतील' पर्यंत गेलीस, 'म्हणून आजच थांबवू, मी तारीख पाठवते' इथपर्यंत गेलीस का?

बढतीचं नंतर लिहिते, ड्युटीवर जायचंय.

रानजाई:
ओसरीताई, नाही गेले. खरंच नाही गेले. मी 'आय थिंक मेबी वुई शुड' ने सुरुवात केली होती तेही आता आठवतंय.

अबोली_निळी:
मी जर्मनीत, मशिनरी बनवणाऱ्या कंपनीत, सतरा जणांची टीम, त्यातले पंधरा पुरुष. ओसरी म्हणतात ते शिफारशीचं मला भाषेच्या अंगाने जाणवलं. आपण मराठीत हुकूम देतच नाही बघा. 'हे शुक्रवारपर्यंत झालं तर बरं होईल', 'जरा बघतोस का', 'आपण करून टाकूया ना'. आपल्याकडे समोरच्याला कळतं की हा हुकूम आहे. मी तेच जर्मनमध्ये बोलायचे. एका सिनिअर इंजिनिअरने शुक्रवारी काम दिलं नाही, मी विचारलं तर तो अगदी शांतपणे म्हणाला, तू म्हणालीस झालं तर बरं, नाही झालं. तो उद्धटपणा करत नव्हता, त्याने माझे शब्द जसेच्या तसे घेतले होते.

आणि ते 'आपण'! इंटरव्ह्यूमध्ये सगळं 'आम्ही केलं, आम्ही केलं' सांगत होते, शेवटी पॅनेलमधली बाई म्हणाली, यात तुम्ही स्वतः काय केलंत? माझ्या कानाला 'मी' म्हणजे बढाई. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये हे इतकं खोल गेलेलं असतं की खोटं बोलावं लागतंय असं वाटतं, आणि सांगत असतो निव्वळ खरं.

मग मी थेट बोलायला लागले, छोटी वाक्यं, तारीख, नाव. सहा महिन्यांत रिव्ह्यू आला, 'कामात उत्तम, बोलण्यात कडक.' माझ्याआधी त्याच खुर्चीत जो होता तो टेबलावर हात आपटायचा आणि त्याला सगळे ठाम म्हणायचे. २०१४ मध्ये टेक कंपन्यांमधले २४८ रिव्ह्यू गोळा करून कुणीतरी बघितले होते, 'अब्रेसिव्ह' म्हणजे टोचणारी हा शब्द बायकांच्या रिव्ह्यूत पुन्हा पुन्हा आणि पुरुषांच्या रिव्ह्यूत एकदाही नाही. मऊ बोललं तर जाणवत नाहीस, स्पष्ट बोललं तर कडक. या दोन्हीच्या मधली जागा फार अरुंद आहे आणि परकी भाषा बोलताना ती आणखी अरुंद होते, कारण परक्या भाषेत स्वर कमीजास्त करायला जमत नाही, एक तर मऊ येतो नाहीतर कोरडा.

इथे २०१५ चा कायदा आहे, मोठ्या, शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांच्या सुपरवायझरी बोर्डवर (व्यवस्थापनावर देखरेख ठेवणारं मंडळ) ३० टक्के बायका हव्यात. चांगलं आहे, पण मी जिथे आहे तिथपर्यंत ते खाली झिरपलेलं मला दिसत नाही.

पिंपळपान:
टोरांटोतून. आमच्याकडे आधी 'कॅनेडियन अनुभव' हे दार ओलांडावं लागतं. तुम्ही बाहेर पंधरा वर्षं माणसं सांभाळली असतील, पण इथे नाही ना. आमच्या ओंटारिओ प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच सांगितलं की नोकरीसाठी सरसकट अशी अट घालणं हा भेदभाव आहे, तरी इंटरव्ह्यूत वेगळ्या शब्दांत ती येतेच. फिलिप ओरिओपोलस या इथल्या अर्थशास्त्रज्ञाने हजारो बनावट रेझ्युमे पाठवून बघितलं होतं, शिक्षण, अनुभव सारखं ठेवून फक्त नाव बदललं, तरी इंग्रजी नावाला जास्त बोलावणी, भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना कमी.

उच्चाराबद्दल पण एक सांगते. २०१० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या दोघांनी एक प्रयोग केला होता. लोकांना साधी वाक्यं ऐकवली, 'जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्याशिवाय राहू शकतो' अशी, आणि विचारलं हे कितपत खरं वाटतं. तेच वाक्य परक्या उच्चारात आलं की कमी खरं वाटलं, आणि बोलणारा फक्त चिठ्ठी वाचून दाखवतोय हे सांगूनसुद्धा! त्यांचं म्हणणं, ऐकायला मेंदूला जास्त कष्ट पडतात आणि ते कष्ट आपण अविश्वास समजतो. हे वाचल्यापासून मी महत्त्वाचं काहीही असेल तर मीटिंगच्या आधी लिहून पाठवते. कागदाला उच्चार नसतो, आणि मग दुसऱ्या कुणी तेच बोललं तरी तारीख माझ्या ईमेलवर असते.

दीपमाळ:
सगळ्यांचं वाचलं. मी चोवीस वर्षं बाहेर आहे, अमेरिकेतच, फायनान्समध्ये, आता डायरेक्टर आहे. थोडं वेगळं बोलते, रागावू नका. रानजाईला मिळालेला तोच शेरा मला २००९ मध्ये मिळाला होता आणि मी दोन वर्षं तो पूर्वग्रह म्हणून बाजूला ठेवला. मग एकदा माझ्या प्रेझेंटेशनचं रेकॉर्डिंग ऐकलं. मी मुद्द्यावर यायला आठ मिनिटं घेत होते. आधी पार्श्वभूमी, मग अडचणी, मग कुणी काय मदत केली, मग आकडे, मग निष्कर्ष. समोरच्यांनी तोवर फोन काढलेले. शेरा सांगणाऱ्याला नीट सांगता आलं नव्हतं, पण त्यात तथ्य होतं.

म्हणून कुणी काही म्हटलं की ते बाई म्हणून, बाहेरची म्हणून, असं लगेच धरू नका. आधी त्यातलं आपल्या हातात काय आहे ते काढून घ्या.

आणि एक कबुली. मी डायरेक्टर झाल्यावर टीममध्ये आपल्याकडची एक मुलगी आली, हुशार, पण तिच्याशी मी सगळ्यात कडक वागले. दुसऱ्याच्या चुकीला हसून सोडायचे, तिच्या चुकीला नाही. मला वाटायचं मी तिला तयार करतेय. खरं म्हणजे तिची चूक माझ्या नावावर जाईल याची भीती होती, 'यांच्यातल्या सगळ्या अशाच' म्हणतील म्हणून. ती गेली सोडून. मी तिला माफी मागणारं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. ते मला आजही लागतं.

अबोली_निळी:
दीपमाळताई, कबुलीबद्दल मनापासून आदर. पण पहिल्या भागाशी अर्धीच सहमत. आठ मिनिटांचं मान्य. पण रानजाईने तीस सेकंदात मुद्दा मांडला होता आणि तोच दुसऱ्याने मांडल्यावर 'गुड पॉइंट' झाला. ते तिच्या हातात नव्हतं.

दीपमाळ:
हो, ते बरोबर आहे तुझं. त्या प्रसंगाला माझं उत्तर लागू नाही.

कवडसा२:
मला त्या मोठ्या नावांबद्दल बोलायचंय. कुठेही बायकांच्या नेतृत्वाचा विषय निघाला की इंद्रा नूयी, लीना नायर, जयश्री उल्लाळ, मोठ्या कंपन्यांच्या सीईओ झालेल्या भारतीय वंशाच्या बायका. अभिमान मलाही आहेच. पण नूयी येलला आल्या १९७८ मध्ये आणि पेप्सिकोच्या सीईओ झाल्या २००६ मध्ये, मधल्या अठ्ठावीस वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. फिरते ती फक्त आईची गोष्ट, नूयी प्रमोशनची बातमी घेऊन घरी आल्या तर आई म्हणाली, घरात येताना मुकुट गॅरेजमध्ये ठेव. कितीतरी ग्रुपवर ती कौतुकाने फॉरवर्ड होते आणि मला प्रत्येक वेळी वाटतं, मुलाने प्रमोशनची बातमी आणली असती तर त्याला कुणी मुकुट काढायला सांगितलं असतं का?

अडतं ते पहिल्या पायरीवर. मॅकिन्सी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही बायकांसाठी काम करणारी संस्था, यांचा अहवाल येतो दरवर्षी, त्यात २०१९ ला होतं की १०० पुरुष मॅनेजर होतात तेव्हा ७२ बायका होतात. सीईओ लांबच राहिलं.

गवाक्ष:
इथे पुरुषाने लिहावं का माहीत नाही, पण एक माहिती उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मी सिनिअर मॅनेजर आहे आणि गेली सहा वर्षं कॅलिब्रेशन मीटिंगला बसतो. म्हणजे जिथे सगळे मॅनेजर मिळून कुणाला काय रेटिंग, कुणाला प्रमोशन ते ठरवतात. एका माणसासाठी दोन, फार तर तीन मिनिटं मिळतात. त्यात त्याचा मॅनेजर काय बोलतो आणि आणखी कोण दुजोरा देतो यावर सगळं ठरतं. दुसऱ्या टीमचा कुणी 'हो, मी तिच्याबरोबर काम केलंय, ती तयार आहे' म्हणाला की होतं. कुणीच बोललं नाही की 'पुढच्या वेळी बघू'.

तीन वर्षांपूर्वी एका बाईंचं नाव आलं, बाहेरून आलेल्या, अतिशय चांगल्या. त्यांचा मॅनेजर नवा होता, त्याला फारसं सांगता आलं नाही. कुणीतरी म्हणालं 'ती फार शांत आहे.' मी त्यांच्याबरोबर एक अख्खा आउटेज (सिस्टिम बंद पडली होती तो) काढला होता, पहाटे तीन वाजता सगळ्यांना कामं वाटून देणारी ती होती. मी बोलायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या माणसाचं नाव नंतर होतं, उगाच वाद नको म्हणून गप्प बसलो. त्यांचं प्रमोशन दीड वर्ष पुढे गेलं. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तर रानजाई, तुमच्या बॉसखेरीज त्या मीटिंगला आणखी कोण बसतं ते शोधा, आणि त्यातल्या दोघांना तरी तुमचं काम जवळून दिसेल असं काहीतरी करा. आणि बॉसला तीन ओळी लिहून द्या, तशाच वाचता येतील अशा. लोक खरंच तशाच वाचतात.

ओसरी:
गवाक्ष, त्यांना सांगा. उशीर झाला तरी सांगा. आपण का मागे राहिलो हे न कळणं फार वाईट असतं, माणूस स्वतःतच खोट शोधत बसतो.

माझं राहिलेलं. बँड ६साठी तीन वेळा अर्ज केला, तिन्ही वेळा उत्तर, नेतृत्वाचा अनुभव कमी. आयसीयूची इन्चार्ज होते मी! २०१५ पासून इथे प्रत्येक ट्रस्टला (हॉस्पिटलं चालवणारी एनएचएसची संस्था) दरवर्षी वंशानुसार आकडे जाहीर करावे लागतात, शॉर्टलिस्ट झालेल्यांपैकी कोण नेमलं जातं वगैरे. मी आमच्या ट्रस्टचा अहवाल छापून घेतला आणि चौथ्या अर्जाआधी मेट्रनची (वॉर्डांवरची वरिष्ठ नर्स) वेळ मागितली. भांडायला गेले नाही. म्हटलं हे आकडे आहेत, हे माझे तीन अर्ज आहेत, मला पुढच्या सहा महिन्यांत काय करून दाखवलं की तुम्ही हो म्हणाल ते लेखी द्या. तिने दिलं. चार गोष्टी होत्या, त्यातल्या तीन मी आधीपासून करत होते, फक्त कुणी लिहून ठेवलं नव्हतं. आता बँड ७, वॉर्ड मॅनेजर. नव्या मुली येतात त्यांना पहिल्या आठवड्यात विचारते की आधी तुम्ही कशाच्या इन्चार्ज होता, आणि ते फाइलला लावते.

पिंपळपान:
'लेखी द्या' हे सोनं आहे.

अजून एक, रानजाई, मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची टिपणं, कोण लिहितं तुमच्याकडे? नवीन माणसाची सोय, फेअरवेलचं कार्ड, इंटर्नचं वेळापत्रक? २०१७ मध्ये अशा बिनमोबदल्याच्या कामांवर एक पेपर आला होता, मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा असं काम स्वतःहून अंगावर घेतात. आणि गटात फक्त पुरुष असले की पुरुषही तितकंच पुढे येतात! म्हणजे त्यांना जमत नाही असं नाही. आपण खोलीत असलो की सगळे आपल्याकडे बघतात आणि आपणही उठतो.

रानजाई:
पिंपळपान, मिनिट्स मीच लिहिते. दीड वर्ष. कुणी सांगितलेलं नाही.

सगळ्यांना काय लिहू कळत नाही. मधल्या दहा दिवसांत काय झालं ते सांगते. बॉसला ईमेल केलं, 'प्रेझेन्स' म्हणजे पुढच्या तिमाहीत कोणत्या तीन प्रसंगात काय वेगळं दिसायला हवं ते लिहून द्याल का. दोन दिवस उत्तर नाही, मग म्हणाला भेटून बोलू, आणि भेटल्यावर कबूल केलं की हा शब्द त्याला वरून आलेला, त्यालाही नीट माहीत नव्हता. त्याने दोन गोष्टी लिहून दिल्या. व्हीपींसमोर महिन्यातून एकदा मी स्वतः प्रेझेंट करायचं, तो नाही. आणि माझा मुद्दा दुसऱ्याने उचलला तर तो लगेच म्हणेल की हे आधी रानजाईने मांडलंय. ते करतो का बघायचं.

काल मिनिट्सची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आता आळीपाळीने घेऊया, या महिन्यात कोण? पूर्ण वीस सेकंद शांतता. मला इतकं अवघड झालं की माझा हात कीबोर्डवर जाऊन परत आला. मग तोच मॅनेजर, गुड पॉइंटवाला, म्हणाला मी घेतो.

व्हिसाची भीती गेलेली नाही, ती जाईल असं मला वाटतही नाही. पण माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, दुसऱ्या देशातून आलेली, तिचाही व्हिसा कंपनीवर. ती मीटिंगमध्ये गप्प असते आणि मग मला एकटीला मेसेज करून बरोबर उत्तर पाठवते. मी आतापर्यंत ते उत्तर मीटिंगमध्ये सांगायचे, तिचं नाव घेऊन, आणि मला वाटायचं मी तिला मदत करतेय. ओसरीताई, तिला बोलतं कसं करू? सगळ्यांसमोर एकदम नाव घेऊन विचारलं तर ती घाबरेल.

ओसरी:
आदल्या दिवशी सांग. 'उद्या या मुद्द्यावर मी तुला विचारणार आहे, दोन वाक्यं तयार ठेव, दुसरं वाक्य काय करायचं ते असू दे.' आणि ती बोलून झाली की तू लगेच तिच्या वाक्यात भर घालू नकोस, मला ती सवय मोडायला वर्ष लागलं. तिचं बोलणं झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी बोलू दे.

रानजाई:
मंगळवारी मीटिंग आहे. सोमवारी सांगते तिला.